काकांचा स्कूबा डायव्हिंगचा जुना पूर्ण संच घ्यावा, की आधी फक्त मास्क? (रविवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे)

सप्रेम नमस्कार,

काकांना त्यांच्या संचाबद्दल रविवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असल्यामुळे थोड्या घाईने लिहीत आहे. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडाशी आणणारे यंत्र), बीसीडी (पाण्यात वर-खाली राहणे सांभाळणारे हवेचे जाकीट), ५ मिलिमीटरचा वेटसूट (ऊब देणारा घट्ट पोशाख), फिन्स (पायांत घालायची वल्ही) आणि मास्क असे सगळे एकत्रच घ्यावे लागेल, सुटे देण्याची त्यांची तयारी नाही. माझे प्रशिक्षण गेल्याच महिन्यात संपले आणि आजवर मी जेमतेम सहा वेळा समुद्रात उतरले आहे. प्रत्येक वेळी साहित्य भाड्याचे होते आणि प्रत्येक वेळी मास्कमध्ये पाणी शिरले. शिवाय माझ्या चष्म्याचा नंबर उणे ४ आहे. हातातला गेज (खोली आणि उरलेली हवा दाखवणारा मापक) मला वाचता येतो, परंतु चार-पाच मीटरवरच्या सोबत्याने केलेली खूण नीट कळत नाही, आणि याचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. पुढच्या सहलीला तीन आठवडे उरले आहेत. काय करावे?

– बुधवारच्या तरणगटातील नवीन सभासद

*

नमस्कार,

संच अवश्य घ्यावा. मी क्रीडासमितीचे काम पाहत असताना तो स्वतः वापरून पाहिलेला आहे. ज्या यंत्रावर आपला श्वास अवलंबून असतो ते दर सहलीला अनोळखी का असावे? स्वतःच्या रेग्युलेटरची ओढ किती जड आहे, कोणत्या कोनात डोके वळवले की तोंडातला भाग खेचला जातो, हे अंगवळणी पडले की नवख्या माणसाचा श्वास संथ होतो आणि हवा अधिक पुरते. हा रेग्युलेटर डिन जोडणीचा, म्हणजे सिलिंडरच्या झडपेत आट्याने बसणारा आहे; बाहेरून शिकंजासारख्या बसणाऱ्या जोडणीपेक्षा मला तो अधिक भरवशाचा वाटतो. जिथे सिलिंडर दुसऱ्या प्रकारचे असतील तिथे अडॅप्टर वापरता येतो.

जाता जाता एक विनंती. साहित्याचे व्यवहार पूर्वी समितीच्या नजरेखालून होत असत. ती पद्धत मोडू नये, कारण मागच्या वेळी परस्पर झालेल्या सौद्याचा निस्तार शेवटी समितीलाच करावा लागला होता.

– माजी क्रीडाप्रमुख

*

दादांबद्दल पूर्ण आदर राखून माझे मत वेगळे आहे.

मूळ तक्रार मास्कची आहे आणि काकांचा मास्क काकांच्या चेहऱ्याच्या मापाचा आहे. ताई, मास्क निवडताना पट्टा मागे न घेता तो नुसता चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हळूच श्वास आत ओढावा आणि हात सोडावेत. श्वास रोखून धरेपर्यंत मास्क चिकटून राहिला, तर तो बहुधा आपला. मात्र ही परीक्षा रेग्युलेटरचा तोंडातला भाग दातांत धरूनही करावी, कारण तो धरला की गालांचा आकार बदलतो आणि दुकानात अचूक बसलेला मास्क नाकाखालून उघडा पडतो. पाणी शिरते म्हणून पट्टा आवळू नये. जास्त ताणल्याने सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती उलट वाढते.

चष्म्याच्या काड्या कडेखाली येतात, त्यामुळे चष्मा घालून मास्क लावता येत नाही, पण नंबराच्या तयार काचा बसवता येतील असे मास्क मिळतात. या काचा साधारणपणे अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने असतात. सपाट काचेतून पाण्याखालच्या वस्तू मुळातच सुमारे एक-तृतीयांश मोठ्या दिसतात, म्हणून काही जणांना किंचित कमी नंबरही पुरतो. तिरप्या नंबराची दुरुस्ती लागत असेल तर काचा खास बनवून घ्याव्या लागतील, आणि त्यासाठी तीन आठवडे पुरतीलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

मास्कनंतर डाइव्ह कॉम्प्युटर घ्यावा, म्हणजे खोली आणि वेळ मोजून अंगात किती नायट्रोजन साठला आणि सुरक्षितपणे किती वेळ खाली राहता येईल हे सांगणारे छोटे यंत्र. तो काकांच्या संचात नाहीच. सोबत्याच्या कॉम्प्युटरवर विसंबता येत नाही, कारण दोघे शेजारी पोहत असले तरी प्रत्येकाची खोली आणि वेळ वेगळी असते आणि अंगात साठणारा नायट्रोजनही त्याप्रमाणे वेगळा असतो. रेग्युलेटर काही काळ भाड्याचा चालेल.

– ग्रंथालय सांभाळणारी ताई

*

ताईंनी मास्कचे इतके सविस्तर लिहिले, त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

मिशीवाल्यांनी नाकाखालची अर्धा सेंटीमीटरची पट्टी काढून टाकावी. मी वर्षभर हट्ट धरला आणि वर्षभर खारे पाणी नाकात घेतले. दुसरे म्हणजे, नव्या मास्कच्या काचेवर आतून सिलिकॉनचा अदृश्य थर असतो आणि त्यावर वाफ धरते. माझ्या पहिल्या नव्या मास्कच्या बाबतीत मला हे कोणीच सांगितले नव्हते. १२ मीटरवर काच दुधासारखी पांढरी झाली, पाणी आत घेऊन धुतली तरी दोन श्वासांत पुन्हा तेच, आणि सोबत्याचा दंड धरून मला वर यावे लागले. साधी टूथपेस्ट बोटाने आतून चोळून, धुऊन, पुन्हा चोळावी. काही जण लायटरची ज्योत फिरवतात, पण ती कडेच्या सिलिकॉनला लागली तर मास्क गेलाच.

– वाद्यवृंदातील तबलजी

*

टूथपेस्टबद्दल सावधान! काचेवर आतून धुके रोखणारा लेप असेल तर चोळल्याने तोच खरवडून निघतो. आधी मास्कसोबतची सूचना वाचावी.

– ग्रंथालयाची ताई

*

माझा मुद्दा रेग्युलेटरचा होता, तो बाजूलाच राहिला. भाड्याचा चालेल हे मान्य केले, तरी चांगल्या स्थितीतला रेग्युलेटर हाती येत असताना तो सोडणे मला पटत नाही. तरीही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की मी तो वापरला त्याला बराच काळ लोटला आहे. शेवटची सर्व्हिसिंग केव्हा झाली याची नोंद काकांकडून मागून घ्यावी. नोंद नसेल तर आतल्या रबरी चकत्या आणि झडपांच्या बैठका बदलण्याचा खर्च किमतीत धरावा, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का हेही विचारावे. नळ्या टोकाशी वाकवून पाहाव्यात. तिथे बारीक भेगा दिसल्या तर नळी बदलणे आलेच.

वेटसूटबाबत मात्र मी ताईंच्या बाजूने आहे, जरी त्यांनी त्याचा उल्लेख केलेला नाही. वेटसूटच्या निओप्रीन या रबरी कापडातले वायूचे बुडबुडे खोलीवर दाबले जातात. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे सूट पातळ होतो आणि ऊबही कमी देतो. वर्षानुवर्षे दाबले गेलेले जुने कापड मग पृष्ठभागावरही ५ मिलिमीटरचे उरत नाही. त्यातच तो दुसऱ्याच्या मापाचा असेल तर पाठीच्या पन्हळीतून गार पाणी सतत आत-बाहेर करत राहते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते.

– माजी क्रीडाप्रमुख

*

सर्वांचे मनापासून आभार. काल काकांच्या घरी जाऊन आले. वेटसूट खांद्यांत इतका सैल होता की मानेपाशी माझा अख्खा हात आत गेला. मास्क नाकाने श्वास ओढताच पडला. सर्व्हिसिंगची नोंद त्यांना सापडली नाही. पूर्ण संच घेणार नाही असे त्यांना कळवले आहे. एकटा रेग्युलेटर तपासणीनंतर देण्याचा त्यांनी विचार करावा, अशी विनंतीही केली आहे, आणि दादा, तो व्यवहार झाला तर समितीला आधी कळवीन.

आज चार मास्क लावून पाहिले, त्यांतला तिसरा माउथपीससकट चिकटून राहिला. त्यात उणे ३.५ च्या तयार काचा बसवायला दिल्या आहेत. बुधवारी तरणतलावात तो लावून उतरेन. तेव्हा कोणीतरी पलीकडच्या कडेला उभे राहून मला हाताच्या खुणा करून दाखवाव्यात, एवढे एकच काम उरले आहे.

– नवीन सभासद