मदत हवी आहे: चर्चच्या उन्हाळी शिबिरासाठी असे खेळ, ज्यात कुणी बाद होत नाही

नेवाशाची_ताई

सर्वांना सलाम.

नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये दर मे महिन्यात मुलांचं व्हीबीएस असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही सुट्टीतली बायबल शाळा. पाच दिवस, सकाळी ८ ते १२. गाणी, गोष्ट, वचनांचं पाठांतर, हस्तकला, नाश्ता आणि खेळ. यंदा पाळकसाहेबांनी खेळांची जबाबदारी माझ्याकडे दिली आहे.

मुलं ६० च्या आसपास येतात, वय ५ ते १४. निम्मी मंडळीतली, बाकीची गल्लीतली आणि आमच्या मुलांच्या वर्गातली. आवारात दोन मोठे कडुनिंब आहेत, पण दहा वाजले की सावली सरकते आणि उभं राहवत नाही. आत बाकं हलवली तर जागा होते, खाली शहाबादी फरशी आहे. मदतीला कॉलेजच्या दोन मुली आणि तरुण संघातला एक मुलगा. खेळांसाठी १,५०० रुपये मिळतील.

आता खरी अडचण. मागच्या वर्षी संगीत खुर्ची, लंगडी, डोंगराला आग लागली, असे नेहमीचे खेळ घेतले. लहान मुलं पहिल्या दोन मिनिटांत बाद व्हायची आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसायची. तिसऱ्या दिवसापासून पाच-सहा वर्षांची बरीच मुलं यायचीच थांबली.

आणि एक नऊ वर्षांचा मुलगा आहे, त्याला अजिबात ऐकू येत नाही. शिट्टी वाजली की सगळे थांबायचे, तो एकटा पळत राहायचा, मग बाकीचे हातवारे करून त्याला बाहेर काढायचे. प्रत्येक डावात हेच. चौथ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधीच तो आपणहून भिंतीशी जाऊन बसला. मी तिथंच होते आणि मला काही सुचलं नाही. वर्षभर ते डोळ्यांपुढून गेलेलं नाही.

परवा त्याच्या आईनं विचारलं, "यंदा आणू का त्याला?" मी म्हटलं, नक्की आणा. शब्द तर दिलाय. आता असे सांघिक खेळ सुचवा, ज्यात पाच वर्षांचं पोर, चौदा वर्षांचा मुलगा आणि हा मुलगा, तिघंही शेवटपर्यंत खेळत राहतील.

पीटीचा_तास

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ख्रिस्ती नाही, पण मैदान सगळ्यांचं सारखंच.

पहिलं काम म्हणजे शिट्टी घरी ठेवा. एक मोठा लाल रुमाल आणि एक हिरवा रुमाल काठीला बांधा. हिरवा वर गेला की पळा, लाल वर गेला की थांबा. पाचही दिवस, सगळ्या खेळांना, सगळ्यांना हाच नियम. त्या मुलासाठी वेगळी सोय केली असं कुणाला वाटतही नाही, आणि साठ मुलं खेळात नजर वर ठेवायला शिकतात.

दुसरं, ‘बाद’ हा शब्दच काढा. विषामृत घ्या. ज्याला विष लागलं तो बसतो, गड्यानं हात लावला की अमृत मिळून पुन्हा पळतो. साखळी घ्या, पण चौघांची झाली की तिचे दोन तुकडे करा, नाहीतर टोकाचं लहान पोर फरफटतं आणि पडतं. डोंगराला आग लागलीमध्ये ज्याला जागा मिळाली नाही त्यानं मधे यायचं आणि पुढच्या वेळी रुमाल त्यानं उचलायचा. खेळ तोच राहतो, पण हरलेल्याच्या हातात पुढचा डाव येतो.

आणि खो-खो विसरू नका. खो पाठीवर हात लावूनच द्यायचा असतो. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही तो बरोबर कळतो.

उन्हाचं सांगतो. पळापळीचे खेळ साडेनऊपर्यंत संपवा. दर वीस मिनिटांनी माठातलं पाणी, तहान लागली म्हणो वा न म्हणो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे तयार ठेवा. प्रमाण अंदाजानं घेऊ नका. कुणाला गरगरलं, कातडी तापली, बोलणं असंबद्ध झालं तर लगेच सावलीत आडवं करून ओल्या कापडानं अंग पुसत राहा आणि डॉक्टरांकडे न्या. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

फरशीवर पळायचे खेळ नकोच. त्यातही मोजे घालून तर मुळीच नको.

झेंडू_७७

पाण्याचे फुगे घ्या ना! आमच्या सोसायटीच्या शिबिरात मुलांना सगळ्यात जास्त तेच आवडतं. नाहीतर स्पंजनं बादली भरायची शर्यत.

नेवाशाची_ताई

झेंडू, कल्पना छान आहे, पण मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो. ज्या मुलांच्या आया हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात, त्यांच्यासमोर पाणी उडवायला मन होणार नाही.

पीटी सर, रुमालाची गोष्ट वाचून मी कितीतरी वेळ बसून राहिले. इतकं साधं होतं.

रविवारची_शाळा

ताई, सलाम. पुण्यात वीस वर्षं संडे स्कूल शिकवते आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. खेळ म्हणजे गोष्ट आणि नाश्ता यांच्यामधली मोकळी जागा, असं धरू नका. गोष्टीतूनच खेळ काढा. मुलांना पुढच्या वर्षी प्रवचन आठवत नाही, खेळ आठवतो.

यरीहो शहराच्या तटापासून सुरुवात करा. बायबलच्या गोष्टीत लोक त्याभोवती फेऱ्या मारतात, शेवटी ओरडतात आणि तट कोसळतो. यहोशवाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात लोकांना सक्त ताकीद आहे की सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. म्हणजे हा मुळातच मुक्याचा खेळ. किराणा दुकानातल्या रिकाम्या खोक्यांचा तट मधे उभा करायचा. सहा दिवस एकेक फेरी, सातव्या दिवशी सात, अशा एकूण तेरा फेऱ्या. गोल लहान ठेवा, म्हणजे लहानांचे पाय दुखत नाहीत. मधेच कुणी बोललं तर कुणीही बाहेर जात नाही, सगळे मिळून तो ‘दिवस’ पहिल्यापासून चालतात. तेरावी फेरी झाली की रुमाल वर, सगळ्यांनी एकदम ओरडायचं आणि चिंध्यांचे चेंडू मारून तट पाडायचा. रुमाल त्या मुलाच्या हातात द्या. चालायचाच खेळ आहे, त्यामुळे दहानंतर आत घेता येतो.

पण पाडून झालं की दुसऱ्या दिवशी बांधायलाही लावा. मला स्वतःला हाच खेळ जास्त आवडतो. बायबलमधल्या नहेम्या या पुढाऱ्यानं यरुशलेमचा पडलेला तट ५२ दिवसांत पुन्हा बांधून पुरा केला, आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. ५२ खोकी जमवा. दहा-दहाच्या सहा टोळ्या, प्रत्येक टोळीत सगळ्या वयाची मुलं. प्रत्येक टोळीला आठ खोकी आणि खडूनं आखलेला आपला तुकडा. एका वेळी दोघांनी मिळून एकच खोकं न्यायचं, एक मोठा आणि एक लहान, बोलायचं नाही. अठ्ठेचाळीस झाली की उरलेल्या चार खोक्यांची वेस सगळ्यात लहान मुलांनी लावायची. जी टोळी आधी संपवेल तिनं शेजारच्यांना हात द्यायचा. तट पुरा झाल्याशिवाय कुणीच जिंकत नाही.

हरवलेलं मेंढरू माहीतच असेल, शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ ते सापडेपर्यंत शोधतो. शंभर खडे चुन्यात बुडवून वाळवा, आवारात लपवा. नव्याण्णव भराभर सापडतात. शंभरावा सापडेपर्यंत सगळ्या साठ जणांनी शोधायचा. एका वर्षी मी तो घंटेच्या दोराला पिशवीत घालून बांधला होता, अर्धा तास लागला. शेवटी एका बुजऱ्या मुलीला दिसला आणि सगळ्या मुलांनी तिला उचलून धरलं. सापडल्यावर सगळ्यांना चिक्की, कारण गोष्टीतला मेंढपाळही शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतो.

गल्याथ, म्हणजे दावीदानं गोफणीनं पाडलेला धिप्पाड योद्धा, आतल्या भिंतीवर खडूनं काढा. त्याची उंची सहा हात एक वीत. आता हात कुणाचा? कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत प्रत्येक टोळीनं आपल्यातल्या एकाचा हात धरून मोजायचं. पाच वर्षांच्या पोराच्या हातानं मोजलेला गल्याथ एखाद्या उंच माणसाएवढा होतो, चौदा वर्षांच्या मुलाच्या हातानं पार वर जातो. मुलं थक्क होतात. मग प्रत्येकाला पाच कागदी गोळे, कारण दावीदानं ओढ्यातून पाच गोटे उचलले होते.

एक महत्त्वाचं. गल्लीतली मुलं येतात ना, त्यांच्या आईवडिलांना आधीच लेखी चिठ्ठी द्या की इथं बायबलच्या गोष्टी सांगतो, प्रार्थना होते, एवढे वाजता सोडतो, आणि त्यांची सही घ्या. त्यांनी विश्वासानं पाठवलेलं असतं. आणि कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा असणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्या मदतनिसांना सांगा.

वसईची_वही

आमच्या वसईत धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) उन्हाळी शिबिरात सिस्टर एक खेळ घ्यायच्या, तो सांगते. चार जुन्या साड्या लांबीच्या बाजूनं एकमेकींना शिवायच्या. साधारण साडेपाच मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद असा पट्टा होतो. कडेनं वीस-पंचवीस मुलं धरतात. हा गालीलचा समुद्र. मधे कागदाची होडी ठेवायची. वारा सुटला की लाटा, येशूनं वादळाला धमकावलं की सगळं स्तब्ध. होडी खाली पडू द्यायची नाही. वादळाचा इशारा हातानं करायचा, त्यामुळे तुमच्या त्या मुलालाही अडचण नाही. साडीची लाट त्याला हातात कळते. तीन पाळ्यांत साठ मुलं होतात.

कोपरा_खिडकी

माझी धाकटी बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे, म्हणून लिहिते.

वर ‘रुमाल त्या मुलाच्या हातात द्या’ असं आलंय. एकदा द्या. रोज देऊ नका. माझ्या बहिणीला शाळेत प्रत्येक कार्यक्रमात पुढं उभं करायचे, आणि ती घरी येऊन रडायची. तिला मधल्या रांगेत उभं राहून बाकीच्यांसारखं चुकायचं होतं. त्याला कधी पळणारा होऊ द्या, कधी पकडणारा, कधी टोळीतला नुसता एक.

नियम सांगताना आधी एक डाव करून दाखवा, मग बोला. बोलताना त्याच्याकडे तोंड असू द्या आणि ऊन तुमच्या तोंडावर पडेल असं उभं राहा, नाहीतर चेहरा काळा दिसतो आणि ओठ कळत नाहीत. पाठीमागून धरून वळवू नका, समोर येऊन हात हलवा.

आणि त्याच्या आईला आधी भेटा. घरात प्रत्येकाच्या खुणा ठरलेल्या असतात: पाणी, थांब, ये, झालं. त्यातल्या आठ-दहा खुणा पहिल्याच सकाळी साठही मुलांना शिकवा. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. बहिणीच्या आयुष्यातली पहिली मैत्रीण तिला अशीच मिळाली, जिनं ‘चल’ची खूण शिकून घेतली होती.

नेवाशाची_ताई

कोपरा_खिडकी, हे कुणी सांगितलं नसतं तर मी पाचही दिवस त्याला पुढं पुढं केलं असतं. मनापासून आभार.

शेवटची एक शंका. तेरा-चौदाची दहा-बारा मुलं आहेत. त्यांना हे खेळ लहान मुलांचे वाटतील आणि ती मागं उभी राहून हसतील, अशी धास्ती आहे.

पीटीचा_तास

त्यांना त्यांचा हक्काचा वेळ द्या. सव्वासातला बोलवा आणि पाऊण तास खरा खो-खो किंवा आट्यापाट्या होऊ द्या, पूर्ण जोरात. अंगातली रग निघून गेली की आठनंतर तीच मुलं लहानांचा हात धरतात. टोळीप्रमुख त्यांनाच करा, पण गुण द्यायचे अधिकार देऊ नका. काम एकच, आपल्या टोळीतलं सगळ्यात लहान पोर खेळतंय की नाही हे पाहायचं.

नेवाशाची_ताई

सगळ्यांना कळवते. काल त्या मुलाच्या घरी जाऊन आले. आईनं अकरा खुणा दाखवल्या, मी वहीत चित्रं काढून घेतली. ‘पळ’ची खूण त्यानं स्वतः शिकवली, आणि माझी चुकली तेव्हा माझी बोटं धरून नीट केली.

पहिल्या दिवशी खुणा आणि विषामृत, दुसऱ्या दिवशी यरीहो, तिसऱ्या दिवशी नहेम्या, चौथ्या दिवशी मेंढरू, पाचव्या दिवशी गल्याथ आणि गालीलचा समुद्र, असं ठरवलंय. खोकी ३८ जमली आहेत, १४ कमी आहेत, बाजाराच्या दिवशी मिळतील. साड्या मंडळीतल्या बायकांनी दिल्या. तीन सुती आहेत, एक सिंथेटिक. चालेल ना?

वसईची_वही

चौथीही सुतीच मिळवा. सिंथेटिक घामेजलेल्या हातातून सुटते आणि ज्या बाजूला ती असते त्याच बाजूनं होडी पडते. आणि शिवण दुहेरी घाला.