अनुभव धागा: पदवीनंतरची वाट कशानं ठरली?

पुतण्याच्या कॉलेजची प्लेसमेंटची नोटीस सकाळी व्हॉट्सॲपवर आली. 'दहावी, बारावी, डिग्री सलग ६० टक्के, बॅकलॉग नको.' पोटात खड्डाच पडला. माझ्या वेळीही हीच अट होती. बारावीच्या ऐन परीक्षेत आई दवाखान्यात, मला ५८ टक्के. पुढे इंजिनिअरिंगला फर्स्ट क्लास मिळाला, तरी कंपनीच्या यादीत नाव नाही. गेट ही एमटेकसाठीची प्रवेश परीक्षा दिली, एमटेकला स्टायपेंड मिळाला म्हणून शिकता आलं. तुमचं कशानं ठरलं? मार्क, पैसा, गाव, की कुणी सांगणारं माणूस?

कोयनाकाठ: सांगणारं माणूस! तालुक्याला बीएस्सी केलं, तीन वर्षांत नेट-जेआरएफ (संशोधनासाठी फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा) हे शब्द कानावर पडले नाहीत. एमएस्सीला पुण्यात रूममेट फॉर्म भरत होती, तिनं शेजारी बसवून माझाही भरून घेतला. फेलोशिपवर पीएचडी झाली. आजही तिला राखीपौर्णिमेला फोन करते.

निशिगंधा: शेवटची एसटी साडेपाचची आणि प्रॅक्टिकल सुटायचं सहाला. सायन्स सोडून बीए, कारण एवढंच. कुकर लावलाय, बाकीचं नंतर लिहिते.

हिशेबनीस: बीकॉम, ५२ टक्के. सीएंच्या ऑफिसात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकलो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि रिटर्न भरणारी माणसं कुणाला पुरेनात. तेव्हापासून काम कमी पडलेलं नाही. वेळ जुळून आली, दुसरं काय.

सेटवाला_सर: सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झाली, पीएचडी झाली, अजून तासिका तत्त्वावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. वर्गातली पोरं विचारतात, सर, एमए करू का? काय सांगू त्यांना?

कोयनाकाठ: सर, फार वाईट वाटलं. भरतीची जाहिरात निघाली की इथे टाका, आम्हीही डोळा ठेवतो.

निशिगंधा: आले. लेकीचं आता बरं आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सला मुलींची ट्यूशन फी २०२४-२५ पासून माफ आहे. पण मेस नि खोलीभाडं? पुण्यात कॉटबेसिसचे भाव ऐकून यांनी हातच टेकले.

मनमाडकर: ताई, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघा, अल्पभूधारकांच्या मुलांना मिळतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज असतो. आधी आधार बँकेला लिंक करून घ्या, माझ्या भावाचे पैसे तिथेच अडकले होते.

निशिगंधा: सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, चालेल का दादा?

मनमाडकर: तलाठ्याकडे अल्पभूधारक दाखल्याचं विचारा. उद्याच जा, दाखल्यांना गर्दी फार असते.