थंडीत रुसणारी पद्मिनी : बॅटरी बदलण्याआधी हे बघा

दोन बॅटऱ्या बदलल्या, तरी तुमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) पहाटे अर्धा वळसा घेऊन थांबतो आणि अकरा वाजता उन्हात मुकाट फिरतो, म्हणताय. मग आता बॅटरीवर खापर फोडू नका. पुण्यात पाषाणला पारा 9-10 वर आला म्हणून नवी, चार्ज केलेली बॅटरी मान टाकत नाही. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फ जास्त करंट ओढतो, आणि एरवी कसंबसं निभावणारं गंजकं कनेक्शन तेव्हा उघडं पडतं.

माझ्याकडे दोषी निघाली इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी, म्हणजे सेल्फचा करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. वरून ठाकठीक, पण बोल्ट काढला तर वॉशरखाली चक्क रंगाचा थर! (रंग देणाऱ्याने हात आखडता घेतला नव्हता.) मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या अर्थवाल्या खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरं इंजिनच्या कोऱ्या धातूवर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) काढून अर्थ करा, म्हणजे इंजिनच्या धातूला जोडा, आणि घरच्या कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की चोर सापडला. माझा 1.8 होता. पट्टीच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासल्या, वर व्हॅसलिन, खर्च शून्य.

हे पहाटेच करा बरं का. गाडी तापली की मीटरही गोड बोलतो.

आणि सेल्फ नीट फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर डिस्ट्रिब्युटर कॅप उघडून आतलं दव कोरड्या फडक्याने पुसून बघा.