मदत हवी आहे : गॅरेज सेलच्या खोक्यातल्या रेकॉर्ड्सपैकी कुठल्या घ्याव्यात, कुठल्या ठेवून द्याव्यात?

नवा_श्रोता

नमस्कार मंडळी. गॅरेज सेल आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत संग्रहासाठी रेकॉर्ड निवडण्याबद्दल मदत हवी आहे. अशा ठिकाणी लावून ऐकायला प्लेअर बहुधा नसतो, एका तबकडीला जेमतेम मिनिटभर मिळते आणि एकदा घेतलेला माल परत होत नाही. म्हणजे जे काय ठरवायचे ते डोळ्यांनी आणि बोटांनीच.

सध्या समोर चाळीसेक एलपींचा (लांब वाजणाऱ्या रेकॉर्ड्सचा) एक खोका आहे. प्रश्न असे :

१) बऱ्याच तबकड्या थेट मऊ, चिकटसर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवलेल्या आहेत आणि त्यांवर दुधी थर दिसतो. कोरड्या कापडाने जात नाही. ही बुरशी की आणखी काही?

२) कुठला ओरखडा ऐकू येतो आणि कुठला नुसता दिसतो?

३) लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात आकडे-अक्षरे कोरलेली असतात. एका ब्रिटिश एलपीवर मुख्य क्रमांकाच्या शेवटी १ आहे, डावीकडे सुटा २ आणि उजवीकडे 'आर ए'. ही पहिली आवृत्ती समजायची का?

४) खोक्याच्या तळाशी दहा इंची, जड, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्या आहेत. त्या एलपीच्याच सुईवर लावल्या तर चालतील का?

---

खोल_चर

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे बुडतात. जुन्या रेकॉर्डवरचे दोष दोनच जातींचे : धुतल्यावर जाणारे आणि कधीच न जाणारे. धूळ, बोटांचे ठसे, बुरशी, सिगारेटच्या धुराचा पिवळट थर हे जातात. घासलेले चर (आवाज कोरलेल्या खाचा), खोल ओरखडा आणि पिशवीच्या प्लॅस्टिकने धरलेले धुके जात नाही.

तुम्ही वर्णन केलेल्या पिशव्या मऊ पीव्हीसीच्या दिसतात. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात. वर्षानुवर्षे, विशेषतः उष्णतेत आणि एकावर एक दाबून ठेवल्यावर, तो बाहेर पडतो आणि तबकडीचा पृष्ठभागच बिघडवतो. वाजवल्यावर त्या भागात सतत 'सूंऽऽ' असा आवाज येतो, आणि कितीही धुतले तरी तो तसाच राहतो.

ओळखायचे असे. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी किंवा फांद्या फुटल्यासारखी पसरते, ठशांपासून किंवा कडेपासून सुरू होते, कव्हरला कुबट वास येतो आणि कागदी पिशवीवरही डाग असतात. पीव्हीसीचे धुके सलग असते, आणि त्याची कड बरेचदा पिशवीच्या आकाराशी जुळते. पिशवीला मधे गोल भोक असेल तर त्या गोलाच्या आतला भाग काळाभोर आणि बाहेरचा दुधी, असा स्पष्ट फरक दिसतो.

खात्री करायची तर विक्रेत्याला विचारून, स्वच्छ मायक्रोफायबरचा कोपरा शुद्ध पाण्याने ओलसर करा आणि तबकडीच्या कडेला, गाणे सुरू होण्याआधीच्या रिकाम्या चरांवर, चराच्या दिशेने दोन सेंटिमीटर पुसा. मग थांबा. ओले असताना दोन्ही प्रकार नाहीसे झाल्यासारखे वाटतात आणि इथेच लोक फसतात. वाळल्यावर जागा काळी राहिली तर घाण होती. धुके परत उगवले तर तबकडी खाली ठेवा, कव्हर कितीही सुंदर असले तरी.

---

एकशे_आठ_ठोके

ओरखड्यांबद्दल. दुकानातली ट्यूबलाइट यासाठी निरुपयोगी आहे, तिचा पसरट प्रकाश बारीक रेघा गिळून टाकतो. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरपा धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. पिशवीत सरकवता-काढताना पडलेल्या केसासारख्या रेघा टॉर्चखाली भयंकर दिसतात, पण त्यातल्या बहुतेक ऐकू येत नाहीत. संशयास्पद रेघेवरून नख आडवे, अगदी हलके फिरवा. नख अडकले तर 'टक' येणार.

त्यातही दिशा बघा. लेबलाकडून कडेकडे जाणारा ओरखडा प्रत्येक फेरीत एक टक देतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एक फेरी १.८ सेकंदांची. एलपीवर एका सेंटिमीटरमध्ये ढोबळमानाने ९० ते १०० चर असतात, म्हणजे सेंटिमीटरभर लांबीच्या ओरखड्याने पावणेतीन-तीन मिनिटे टकटक होते. त्रासदायक, पण सुई पुढे जात राहते. चराला जवळपास समांतर, किंचित तिरका गेलेला ओरखडा मात्र सुईला एका चरातून दुसऱ्यात ढकलतो. मग गाणे तिथेच अडकते किंवा उडी मारते. लांबीने लहान असला तरी हाच जास्त वाईट.

झीज ही ओरखड्यापेक्षा फसवी. जड टोनआर्म (सुई धरणारा प्लेअरचा हात) किंवा झिजलेली सुई वापरली असेल तर चरांच्या भिंती घासतात. रेघ एकही नसते, पण गाण्याच्या जोरदार भागांत काळी चकाकी जाऊन राखाडी, मळकट पट्टा दिसतो. आतल्या, लेबलाजवळच्या गाण्यावर तो आधी शोधा. तिथे एका फेरीत सुई कमी अंतर कापते, त्यामुळे तेवढाच आवाज कमी जागेत दाटीने कोरलेला असतो आणि झीज तिथे सगळ्यात आधी ऐकू येते : 'स', 'श' फाटतात. दुसरी खूण लेबलावर. मधल्या भोकाभोवती, प्लेअरच्या मधल्या दांड्यावर तबकडी बसवताना उमटलेल्या बारीक रेघांचे जाळे असेल, तर रेकॉर्ड भरपूर वाजली आहे.

शेवटी तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून फिरवा. लांब, सौम्य लाट टोनआर्म सांभाळून घेतो. कडेला एकदम उचललेला छोटा बाक घेऊ नका, पहिले गाणे हमखास जाते.

---

अक्षरशोधक

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. लेबलाभोवतीच्या त्या पट्ट्याला संग्राहक डेडवॅक्स म्हणतात. नवे कव्हर जुन्या तबकडीवर आणि जुने कव्हर नव्या तबकडीवर चढते, पण डेडवॅक्स बदलता येत नाही.

आधी साखळी समजून घ्या. लॅकरवर (मऊ लेपाच्या मूळ तबकडीवर) आवाज कोरतात, त्यावरून धातूचा फादर, फादरवरून मदर, मदरवरून स्टँपर, आणि स्टँपरने तबकड्या दाबतात. मुख्य क्रमांकाच्या शेवटचा १ म्हणजे त्या बाजूचे पहिले मान्य झालेले कोरीवकाम. तुमची तबकडी जर ब्रिटनमधल्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची असेल, तर डावीकडचा २ हा मदरचा क्रमांक आणि उजवीकडची अक्षरे स्टँपरचा. अक्षरांचा संकेत 'ग्रामोफोन लिमिटेड' या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून बांधलेला आहे : जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. म्हणजे 'आर ए' = २३. पहिले कोरीवकाम, दुसरी मदर, तेविसावा स्टँपर. सुरुवातीची प्रत असण्याची शक्यता चांगली आहे, पण केवळ एवढ्यावर 'पहिली आवृत्ती' म्हणू नका. तेच कोरीवकाम पुढे वर्षानुवर्षे वापरले जाऊ शकते, आणि दोन बाजूंचे क्रमांक वेगळेही असतात. दोन्ही बाजू वाचा, मग लेबलाचा रंग आणि मजकूर जुळवा. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या एलपीचेच बघा : सुरुवातीच्या प्रतींचे पार्लोफोन लेबल काळ्यावर सोनेरी आणि लगेच नंतरच्यांचे काळ्यावर पिवळे. गाणी तीच, संग्राहकाच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू.

हाताने कोरलेल्या खुणाही शोधा. अमेरिकन ब्लू नोट कंपनीच्या जॅझ एलपींवर कानासारखी छोटी आकृती दिसली, तर ती प्लॅस्टिलाइट कारखान्यात, १९६६ पर्यंत दाबलेली प्रत. शेजारी 'आरव्हीजी' म्हणजे कोरणारे रूडी व्हॅन गेल्डर. 'आरएल' म्हणजे रॉबर्ट लुडविग. 'पोर्की' लिहिलेले असेल तर जॉर्ज पेकहॅम. ही अक्षरे झरझर चाळताना दिसत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे सोनारी भिंग आणि तिरपा टॉर्च बाळगा.

आणि एक सूचना : वर्तुळातल्या 'पी' पुढचे वर्ष बघून हुरळू नका. ते ध्वनिमुद्रण प्रथम प्रसिद्ध झाल्याचे वर्ष असते, पुनर्मुद्रणावरही तेच राहते. कव्हरवर छापलेला बारकोड असेल तर मात्र ती प्रत सत्तरच्या दशकाच्या अखेरीआधीची नाही. 'स्टीरिओ' शब्दही तपासा. व्यापारी स्टीरिओ एलपी १९५८ मध्ये आल्या. त्याआधीच्या मोनो (एकाच वाहिनीच्या) ध्वनिमुद्रणावर नंतर 'स्टीरिओ' छापलेले दिसले, तर बहुधा मोनो आवाज कृत्रिमरीत्या दोन बाजूंना फोडलेला असतो. ऐकायलाही मूळ मोनोच चांगली.

---

लाख_तबकडी

७८ बद्दल : नाही, त्याच सुईवर लावू नका. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १८ मायक्रॉन. ७८ च्या चराला ३ मिल, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. बारीक सुई रुंद चराच्या तळाशी घरंगळते, खरखर वाढते आणि सुईचेही नुकसान होते. उलट ७८ ची सुई एलपीवर टेकवली तर एलपी संपली. बऱ्याच कार्ट्रिजना (सुई बसवलेल्या भागांना) ७८ ची वेगळी सुई मिळते, ती बदलून लावा. प्लेअरला ७८ चा वेग आहे ना, तेही आधी बघा.

या तबकड्या बहुतेक लाखेच्या, त्यामुळे सहज वाकत नाहीत, फुटतात. कडेपासून आत जाणारी केसासारखी चीर प्रकाशाकडे धरून शोधा. वाहून नेताना उभ्या ठेवा, मधे पुठ्ठा घाला. आणि सगळ्यात महत्त्वाचे : लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका, लाख त्यात विरघळते. शुद्ध पाणी आणि दोन थेंब सौम्य साबण पुरे, आणि लगेच कोरडी करा.

---

नवा_श्रोता

खूप आभार. ओल्या कापडाची चाचणी केली. अकरा तबकड्यांवर धुके परत आले, त्या बाजूला काढल्या. सहांवर जागा काळीच राहिली आणि कव्हरला कुबट वास आहे, म्हणजे बुरशी. या सहा कशा धुवाव्यात? आणि एक जोडएलपी आहे, तिच्या एका तबकडीवर बाजू १ आणि ४ आहेत. चुकीची तबकडी घुसली आहे का?

---

अक्षरशोधक

१ आणि ४ बरोबर आहे, दुसरीवर २ आणि ३ असतील. एकावर एक रचून आपोआप खाली पडणाऱ्या चेंजर प्लेअरसाठी तशी मांडणी करत. मात्र दोन्ही तबकड्या आणि कव्हर यांचे कॅटलॉग क्रमांक ताडून बघाच. दुसऱ्याच कव्हरात गेलेली तबकडी हा अशा खोक्यांतला नेहमीचा प्रकार. घडीचे पोस्टर, गीतांचा कागद जागेवर आहे का तेही बघा, संग्राहक त्यांचा हिशेब धरतात.

---

खोल_चर

या सहांसाठी : ७५० मिलि डिस्टिल्ड पाणी, २५० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बिनवासाच्या भांडी धुण्याच्या द्रावाचे तीन-चार थेंब. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार चरांत वाळून बसतात. साबण जास्त झाला तर तोही तसाच बसतो.

काम उघड्यावर, मास्क लावून करा. लेबल झाका. मऊ ब्रशने चराच्या दिशेने गोल फिरवा, एका बाजूला दोन मिनिटे, बुरशीच्या जागी परत. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, पुसा आणि उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. अल्कोहोल तबकडीवर भिजत ठेवू नका, लावा आणि काढा. बुरशीसाठीचा ब्रश वेगळा ठेवा. जुनी कागदी पिशवी फेकून द्या, नाहीतर तीच बुरशी परत येईल. नवी पिशवी पॉलिथिनची किंवा पॉलिथिनचे अस्तर असलेल्या कागदाची घ्या, पीव्हीसीची नको. धुण्याआधी वाजवू नका, सुई घाण चरात आणखी खोल दाबते.

---

एकशे_आठ_ठोके

एक भर. उरलेल्या निरोगी तबकड्याही त्या मऊ पिशव्यांतून आजच बाहेर काढा, धुके दिसत नसले तरी. किंमत ठरवताना डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या नोंदी आणि विक्रीच्या संकेतस्थळावर डेडवॅक्सचा क्रमांक टाकून नेमकी आवृत्ती शोधा आणि मागितलेली नव्हे, प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत बघा, तीही तुमच्या प्रतीच्या दर्जाची. नख अडकणारे ओरखडे असलेली प्रत 'निअर मिंट'च्या (जवळपास नव्यासारख्या प्रतीच्या) भावाशी तोलू नका. १८० ग्रॅमचा शिक्का बघून जास्त देऊ नका, वजनावरून प्रेसिंग चांगले ठरत नाही.

आणि घरी नेताना खोका बंद गाडीत उन्हात सोडू नका. व्हिनाइल साठेक अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि बंद गाडीत खिडकीजवळ तेवढे तापमान सहज गाठते. तबकड्या उभ्या, फार सैल नाही आणि फार घट्टही नाही, अशा ठेवा.