‘पिक अप इट’ का खटकते? इंग्रजी वाक्यातील क्रियापद, नाम आणि सर्वनाम यांच्या जागा

शंका

‘पिक अप द बुक’ आणि ‘पिक द बुक अप’ ही दोन्ही वाक्ये बरोबर मानली जातात. मग ‘द बुक’च्या जागी ‘इट’ घातले की ‘पिक इट अप’ एवढेच बरोबर उरते आणि ‘पिक अप इट’ चूक ठरते, असे का? शालेय व्याकरणात ‘सर्वनाम असेल तर ते मध्ये घालावे’ एवढे सांगून विषय संपवलेला असतो. हा केवळ पाठ करण्याचा नियम आहे, की त्यामागे काही कारण आहे?

प्रतिसाद

कारण आहे. तो नियम वरवर सर्वनामाचा दिसत असला, तरी खरे पाहता तो शब्दाच्या वजनाचा आणि वाक्यात माहिती कोणत्या क्रमाने येते याचा आहे. इंग्रजी वाक्याचा शेवट ही मानाची जागा असते. ऐकणाऱ्याला जे नव्याने सांगायचे असते ते सहसा तिथे येते आणि आघातही तिथेच पडतो. जे आधीच ठाऊक आहे ते क्रियापदाला लगटून लवकर उरकले जाते. ‘इट’ म्हणजे काय हे बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही अगोदरच माहीत असते, त्यामुळे त्याला शेवटच्या जागेवर बसवण्याचे काही प्रयोजन उरत नाही. ‘पिक इट अप’ हे वाक्य भरभर म्हणून पाहिले तर हे कानालाही जाणवते: जोर ‘अप’वर येतो आणि ‘इट’ आधीच्या क्रियापदात विरघळून ‘पिकिटप’ असे काहीतरी ऐकू येते.

वजनाची ही गोष्ट पटवून घ्यायची असेल तर सर्वनाम जड करून पाहावे. ‘कॉल अप हिम’ हे खटकते. पण ‘कॉल अप हिम अँड हिज ब्रदर’ हे तितके खटकत नाही, कारण आता कर्माला लांबीही आली आणि नवी माहितीही आली. एखादी वस्तू बोटाने दाखवून ‘चेक आउट दिस’ असे म्हटलेलेही ऐकू येते. तिथे ‘दिस’वर जोर असतो आणि दाखवलेली वस्तू ऐकणाऱ्याला नवी असते. नियम सर्वनाम या शब्दजातीपुरताच असता, तर ही वाक्येही त्याच पंक्तीत चूक ठरायला हवी होती.

दुसऱ्या टोकालाही हेच दिसते. ‘पिक द बुक दॅट यू लेफ्ट ऑन द टेबल यस्टरडे अप’ या वाक्यात व्याकरणाने बोट ठेवावे असे फारसे काही नाही, तरी ते कोणी बोलणार नाही; ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा ताटकळून जातो. अशा वेळी ‘पिक अप’ हे एकत्र ठेवून लांबलचक कर्म शेवटी टाकले जाते. लहान घटक आधी आणि मोठा घटक नंतर येण्याची ही प्रवृत्ती जर्मन भाषाशास्त्रज्ञ ओटो बेहागेल यांनी १९०९ मध्ये नियमाच्या रूपात मांडली होती.

पुरवणी शंका

मग ‘लुक आफ्टर हर’ बरोबर आणि ‘लुक हर आफ्टर’ चूक, हे कसे? ‘हर’ हेही हलके सर्वनामच आहे.

प्रतिसाद

कारण ‘अप’ आणि ‘आफ्टर’ हे दोन शब्द दिसायला एका माळेचे मणी असले तरी त्यांचे काम निराळे आहे. ‘पिक अप’मधला ‘अप’ क्रियापदाचा भागीदार आहे, तर ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ पुढच्या नामाशी किंवा सर्वनामाशी बांधलेला आहे, साधारणपणे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा. फरक इतकाच की आपले अव्यय नामानंतर येते आणि त्यांचे नामाच्या आधी. भागीदार क्रियापदापासून लांब जाऊ शकतो, बांधलेला शब्द आपल्या नामाला सोडून मागे जाऊ शकत नाही.

हा फरक ज्या एका जोडीत लख्ख दिसतो ती अशी: ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’. ऐकायला एका अक्षराचा फरक. पहिल्या वाक्यात तो टेकडी धावत चढला, दुसऱ्यात त्याने देणे वाढवून ठेवले. आता सर्वनाम घालून पाहावे. टेकडीसाठी ‘ही रॅन अप इट’ असेच म्हणावे लागते, देण्यासाठी मात्र ‘ही रॅन इट अप’. क्रियापद तेच, ‘अप’ तोच आणि ‘इट’ही तोच, फक्त ‘अप’ कोणाच्या बाजूला आहे यावर सर्वनामाची जागा ठरते. नव्या शब्दजोडीबद्दल संशय असेल तर शब्दकोश उघडण्याआधी ही कसोटी लावून पाहावी, आणि आघाताकडेही कान द्यावा, कारण ‘अप’ भागीदार असतो तेव्हा त्याच्यावर सहसा जोर येतो, तर ‘लुक आफ्टर हर’मधल्या ‘आफ्टर’वर तो सहसा येत नाही.

आणखी एक प्रतिसाद

मराठीच्या बाजूने थोडी भर घालतो. ‘ईट इट अप’मधल्या ‘अप’चे काम आपल्याकडे ‘खाऊन टाक’मधले ‘टाक’ करते. दोन्हींतून क्रिया पुरी झाल्याचा भाव येतो. पण आपल्या जोडीत कर्म मध्ये शिरू शकत नाही. ‘ते खाऊन टाक’ म्हणजे ते संपव. ‘खाऊन ते टाक’ म्हटले की आधी काहीतरी खा आणि मग ते फेकून दे, असा भलताच अर्थ निघतो. ‘खाऊनच टाक’ किंवा ‘खाऊन तर टाक’ इतपत फट मात्र आपली भाषा ठेवते. मराठीभाषक विद्यार्थी ‘पिक अप’ला एकसंध धरून ‘इट’ बाहेर ठेवू पाहतो, त्याचे एक कारण ही सवय असावी असे मला वाटते.

माहितीच्या क्रमातही फरक आहे. ‘पुस्तक कोणाला दिलेस?’ याचे उत्तर ‘पुस्तक मी त्याला दिले’ असे येते, म्हणजे मराठीत नवी माहिती क्रियापदाच्या अगदी आधी बसते. इंग्रजीत ती क्रियापद ओलांडून वाक्याच्या टोकाला जाते. विभक्तिप्रत्ययांमुळे आपल्याला शब्द हलवण्याची मोकळीक आहे. जुन्या इंग्रजीतही ती बरीच होती, पण नामांचे प्रत्यय झिजत गेले आणि जागेवरूनच कर्ता आणि कर्म ओळखण्याची पाळी आली. गंमत अशी की ‘ही–हिम’, ‘दे–देम’ अशी वेगळी रूपे आजही सर्वनामांनीच जपली आहेत, म्हणजे हलण्याचा परवाना ज्यांच्याकडे शिल्लक आहे तीच सर्वनामे सर्वांत कमी हलतात. यावरूनही इथला प्रश्न विभक्तीचा नसून वजनाचा आहे हे ध्यानात येते.

हेच वजन ‘गिव्ह’सारख्या द्विकर्मक क्रियापदांतही चालते. ‘गिव्ह हर द की’ हे सहज येते, कारण ‘हर’ हलके आणि ठाऊक आहे. पण घेणारी व्यक्ती ‘द वुमन हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर’ अशी लांब असेल, तर ‘गिव्ह द की टू’ म्हणून तिला शेवटी नेणे सोयीचे पडते. भाषाशास्त्रज्ञ जोन ब्रेझनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेलिफोनवरील संभाषणांतली अशी २३६० वाक्ये तपासली. लांबी, सर्वनाम असणे किंवा नसणे, आधी उल्लेख झालेला असणे अशा बाबी एकत्र धरल्या, तर बोलणारा कोणती रचना निवडेल याचा अंदाज नव्वदहून अधिक टक्के वेळा बरोबर येतो, असे त्यांना आढळले.

दोन्ही कर्मे सर्वनामे असतील तर मात्र पेच पडतो, कारण दोघांचेही वजन सारखेच. लेखनात ‘गिव्ह इट टू मी’ हे सर्वांत निर्धोक. ब्रिटिश बोलण्यात ‘गिव्ह मी इट’ सर्रास चालते, आणि उत्तर इंग्लंडच्या काही भागांत ‘टू’ गाळून ‘गिव्ह इट मी’ असेही म्हणतात. ‘एक्सप्लेन मी’ याला मात्र अशी पळवाट नाही. ‘मला समजावून सांग’ या आपल्या वळणामुळे ते तोंडात येते खरे, पण ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’ ही क्रियापदे व्यक्तीला ‘टू’शिवाय जवळ येऊ देत नाहीत, मग ते सर्वनाम कितीही हलके असो.