अनुभव धागा: भंगारातल्या कुंड्या, रंगवलेली बाग आणि पावसानंतरची हकिगत

गच्चीकर

तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटक्या किटल्या, टायर, नदीतले गोटे. रंगवून मांडलेल्या या वस्तूंचे फोटो नेहमी मे महिन्यातले असतात. इथे ऑक्टोबरातलं लिहूया. वस्तू कोणती, रंग कोणता, किती हात, भोकं किती, काय बिघडलं आणि कशामुळे. आत्मचरित्र नको, कृती हवी. 'सुंदर!' एवढंच लिहायचं असेल तर मनातल्या मनात लिहा.

पहिला मुद्दा वजनाचा, कारण रंगाच्या नादात तो हमखास राहतो. ओली माती लिटरला दीड ते पावणेदोन किलो भरते. २० लिटरची बादली मातीने भरून पाणी घातलं की ३०-३५ किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या इमारतींवरील भाराच्या भारतीय मानकात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरतात. हिशेबाने एका चौरस मीटरवर अशा चार-पाच बादल्या झाल्या. एकीला एक चिकटवून ठेवल्या तर त्याच जागेत नऊ-दहा बसतात, आणि लोक तशाच ठेवतात. जड कुंड्या तुळईच्या रेषेवर, भिंतीलगत ठेवा. मधल्या स्लॅबवर फक्त कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण. कठड्यावर काहीच नको, रिकामी किटलीसुद्धा नको.

डबाबाटली

१५ किलोच्या तेलाच्या डब्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसतो तोच.

डबा आतून-बाहेरून गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुवायचा. झाला की नाही हे बघायला बाहेरून पाणी ओता. पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळले तर तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. पाणी पातळ चादरीसारखं पसरलं की काम झालं. या पायरीला आळस केला तर पुढचा कितीही महाग रंग पहिल्या पावसात सालीसारखा निघतो.

वरचा पत्रा छिन्नीने कापा आणि कड पक्कडीने आत दुमडून हातोडीने चेपा. भोकं खिळ्याने पाडायची तर आतून बाहेर. बाहेरून आत ठोकलं की पत्र्याची ओठासारखी कड आत उभी राहते. तिच्या उंचीइतकं पाणी तळाशी कायमचं साचतं आणि डबा तिथूनच कुजतो. डबा लाकडी ओंडक्यावर ठेवून आतून लांब खिळा ठोका. ८ मिलिमीटरची आठ-नऊ भोकं तळाला आणि चार बाजूंना एकेक, तळापासून अर्धा इंच वर. बाजूची भोकं यासाठी की तळाची बुजली तरी पाण्याला वाट राहते. बाहेर आलेली धार कानशीने घासा आणि प्रायमर लावताना भोकांच्या कडांना काडीवर कापूस गुंडाळून प्रायमर लावा. गंज नेहमी या कडांपासून सुरू होतो.

मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासणं, मेटल प्रायमरचा एक हात, एक दिवस वाळवणं, इनॅमलचे (चकाकणाऱ्या तेलरंगाचे) दोन पातळ हात. दोन हातांमध्ये आठ तास तरी जाऊ द्या. जाड एक हात मारला तर वर साय धरते आणि आत ओलं राहतं, नखाने दाबलं की कळतं. रंग झाल्यावर आठवडाभर माती भरू नका.

डबा फरशीवर टेकवू नका, दोन विटांवर ठेवा. आत ग्रोबॅग (झाडं लावायची पिशवी) घालून लावलंत तर चार पावसाळे काढतो. माती थेट पत्र्याला लागली तर दोन.

शेवंती

डबाबाटली दादा, जस्ताच्या बादलीला हीच कृती चालेल का? नव्या चकचकीत बादलीचा इनॅमल वर्षभरात पापुद्रे धरून सुटतो असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

डबाबाटली

नाही चालणार. तेलाच्या रंगातलं तेल आणि जस्त यांचा एकमेकांशी संयोग होऊन रंगाखाली साबणासारखा थर तयार होतो आणि अख्खा पापुद्रा सुटतो. त्यात रंगाऱ्याचा दोष नसतो. जस्ताच्या बादलीला व्हिनेगरने पुसून, धुऊन, वाळवून आधी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा खास प्रायमर, मग रंग. किंवा वर्षभर बाहेर उन्हापावसात ठेवून तिची चकाकी मरू द्या आणि पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक लावा. फुकटात होणारी हीच पद्धत मला बरी वाटते.

मातीमाखी

मातीच्या कुंडीला रंग लावूच नये, असं माझं मत. तिचा सगळा गुण घाम गाळण्यात आहे. आतलं पाणी भिंतीतून बाहेर येतं, उडतं, मुळं थंड राहतात. बाहेरून इनॅमल चोपडलं की पाणी रंगामागे अडकतं, सोबत क्षार आणतं, पांढरी बुरशीसारखी पूड दिसते आणि रंगाला फोड येतात. ती बुरशी नव्हे, क्षार आहेत. ब्रशने झटकून निघतात आणि पुन्हा येतात.

तरी रंगवायचीच असेल तर कुंडी कोरडी खडखडीत हवी, उन्हात चार-पाच दिवस. आतून दोन हात पाण्यात मिसळणारं वॉटरप्रूफिंग, पण वरचे दोन इंच सोडून, म्हणजे काठाजवळ माती वाळते तिथे तरी भिंत श्वास घेते. बाहेरून एक्स्टीरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतींचा पाण्यात मिसळणारा रंग. तेलाचा रंग नको. अशा कुंडीला पाणी कमी लागतं हे लक्षात ठेवा. रंगवल्यानंतर लोक जुन्या सवयीने रोज पाणी घालतात आणि तुळस मुळाशी कुजून जाते, मग दोष रंगाला.

मधला मार्ग म्हणजे फक्त गळ्याभोवती तीन बोटांचा पट्टा रंगवायचा. दिसतंही भारदस्त.

गेरूचा हात

वारली नक्षीसाठी गेरूची पार्श्वभूमी सगळ्यांना हवी असते. नुसता गेरू पाण्यात कालवून लावला तर पहिल्याच सरीत अंगणभर लाल ओघळ. फेविकॉल घालून लावला तरी सतत ओलं राहिल्यावर तो मऊ पडतो, त्यामुळे वळचणीखाली ठीक, उघड्यावर नाही. टिकाऊ हवं असेल तर पांढरं एक्स्टीरियर इमल्शन घ्या आणि त्यात लाल-तपकिरी स्टेनर (छटा आणायला मिसळायचा घट्ट रंग) घालून गेरूची छटा जुळवा. लिटरमागे ३०-४० मिलीच्या पुढे स्टेनर नको, नाहीतर रंग नीट वाळत नाही आणि बोटाला लागतो. छटा तेवढ्यात गडद होत नसेल तर पांढऱ्याऐवजी गडद बेस, म्हणजे गडद छटांसाठीचा मूळ रंग, मागा.

नक्षीला शून्य नंबरचा ब्रश, किंवा बांबूच्या काडीचं टोक चेचून. तारपा (वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्याभोवतीची माणसांची गोल साखळी कुंडीच्या गोलाईवर फार छान बसते. आधी खडूने घेराचे समान भाग पाडून घ्या, नाहीतर शेवटचा माणूस अर्धाच मावतो.

वऱ्हाडी

पुण्या-मुंबईचे लोक उन्हाचं लिहीत नाहीत म्हणून मी लिहितो. अकोला-नागपूरकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. काळा टायर, गडद निळा डबा, मरून बादली, सगळ्यांच्या भिंतीलगतची मुळं भाजतात. झाड भर दुपारी माना टाकतं, माती ओली असते, माणूस आणखी पाणी घालतो, आणि मग कूज. कुंडीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारी तीन वाजता हात ठेवून बघा. हात ठेववत नसेल तर मुळांनाही ठेववत नाही.

म्हणून बाहेरचा रंग पांढरा, फिका पिवळा, फिका पोपटी. नक्षी गडद चालेल, तिच्या मागची जमीन फिकी. रंगवलेल्या डब्यात एक आकार लहान प्लास्टिकची कुंडी ठेवून मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरा. वर ५० टक्के शेडनेट मार्च ते जून. टायर फक्त शोभेच्या झाडांना, त्यात पालेभाजी नको.

शेवंती

वऱ्हाडी काका, आणि मोठ्या तांब्याच्या बंबात झाड लावायचं असेल तर? जुन्या बाजारात तळ गेलेले बंब आणि घंगाळी बघायला मिळतात.

मातीमाखी

शेवंती, त्यात थेट माती नको. तांबं मुळांना सोसत नाही. रोपवाटिकांत मुळं कुंडीभोवती गुंडाळू नयेत म्हणून कुंडीला आतून तांब्याच्या क्षाराचा लेप देतात, कारण टोक तांब्याला लागलं की वाढ थांबते. माती आंबट असेल आणि कायम ओली असेल तर आणखी वाईट. बंबात प्लास्टिकची कुंडी ठेवा, खाली दोन विटांचे तुकडे, बस. आणि हो, बंब रंगवू नका. कळकट तांब्याइतका चांगला रंग डब्यात मिळत नाही.

जुनं ते सोनं, पण

भंगारातून आणलेल्या जुन्या खिडक्या, पाळणे, लोखंडी खुर्च्या, पत्र्याची खेळणी. यांवरचा जुना पिवळा, लाल, हिरवा तेलरंग शिशाचा असू शकतो. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या वस्तूवरचा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून ओला पॉलिश पेपर वापरा, खाली प्लास्टिक पसरा, चिखल गोळा करून बांधून टाका, पोरांना लांब ठेवा. अशी वस्तू मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला टेकवूही नका, कारण पोपडे मातीत पडतात.

गोटेवाली

दगड रंगवणाऱ्यांसाठी. आपला काळा बेसाल्ट रंग खातो. पिवळा थेट लावला तर हिरवट दिसतो. आधी पांढऱ्या ॲक्रिलिकचा एक हात, मग रंग, शेवटी बाहेरच्या वापराचा पॉलियुरेथेन क्लिअर कोट दोनदा. गोटा साबणाने घासून एक अख्खा दिवस उन्हात हवा, भेगेत ओल राहिली की कोटखाली दुधी डाग येतो. तो नंतर जात नाही, सगळं घासून पुन्हा.

तळाला कोट लावू नका. ओल्या मातीवर बसणारा दगड खालून पाणी ओढतो, त्याला निघायला जागा हवी. रोपांच्या नावाच्या पाट्या म्हणून चपटे गोटे उत्तम, पण नाव मार्करने लिहू नका, तीन महिन्यांत उडतं. पातळ ब्रश आणि ॲक्रिलिक. गोटे बांधकामाच्या ढिगातून घ्या, गडावरून आणि देवराईतून उचलू नका.

चायनाचिप्स

फुटक्या कपबशा आणि फरश्यांचे तुकडे चिकटवून केलेली कुंडी रंगापेक्षा टिकते. चंदीगडचं नेकचंद यांचं रॉक गार्डन, १९७६ साली लोकांना खुलं झालेलं, फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीवरच उभं आहे. सिमेंटच्या कुंडीवर करा, प्लास्टिकवर नको, प्लास्टिक दबतं आणि तुकडे उडतात. तुकडे पोत्यात गुंडाळून फोडा, डोळ्यांना चष्मा. टाइल ॲडहेसिव्हचा ३-४ मिलिमीटर थर, एका वेळी तळहाताएवढाच भाग. एक दिवसाने फटीत ग्राउट (फटी बुजवायचं मिश्रण), अर्ध्या तासाने ओल्या स्पंजने पुसणं. विसरलात तर सुरीने खरवडत बसाल. काठाला टोकदार तुकडा लावू नका, पाणी घालताना मनगट तिथेच घासतं.

कोकणपाऊस

आता आतल्या भरण्याबद्दल. तळाशी खडीचा थर घालून निचरा सुधारतो हा समज सोडा. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वर मातीतच अडतं. खडी जेवढी जाड, मुळांना माती तेवढी कमी. भोकावर एक खापरी उलटी ठेवा, पुरे.

मिश्रण कोकणासाठी माती एक भाग, कोकोपीट एक, कंपोस्ट एक, आणि अर्धा भाग भाताचं तूस किंवा जाड वाळू. देशावर तूस कमी करा. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून ६०-७० लिटर होते. ती दोनदा धुऊन पाणी फेकून द्या, त्यात खारटपणा असतो आणि कोवळ्या रोपांची पानं कडेने करपतात. दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड.

खोली: मेथी, कोथिंबीर सहा इंच. मिरची, वांगी, टोमॅटोला बारा इंच आणि २० लिटर. किटलीत टोमॅटो लावून फोटो काढणारे पुढचा फोटो टाकत नाहीत. टोमॅटोच्या बुडाला काळा चट्टा पडतो तो बहुतेक वेळा पाणी कमी-जास्त झाल्याने. कॅल्शियम मातीत असतं, पण फळापर्यंत पोचत नाही. लहान डब्यात हे ठरलेलं.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून एकच भर. इकडे मातीची कुंडी ओल्या मातीसकट हिवाळ्यात बाहेर राहिली तर संपली. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, कुंडीचे थर सुटतात, सोबत तुमची नक्षी. नोव्हेंबरात रिकामी करून गॅरेजमध्ये उलटी. प्लास्टिक आणि लाकूड बाहेर राहतं.

गच्चीकर

राहिलेला मुद्दा डासांचा. रंगवलेल्या वस्तूंत पाणी साठायच्या जागा फार: टायरची आतली खोबण, किटलीची तोटी, जमिनीत उलट्या रोवलेल्या बाटल्यांच्या तळाचा खळगा, ताटल्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर सहा दिवसांनी एक फेरी, सगळं उलटं करायचं आणि ताटल्या नुसत्या ओतायच्या नाहीत, घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. टायरच्या खालच्या बाजूला खोबणीत १० मिलिमीटरची पाच-सहा भोकं ड्रिलने पाडा. बाटल्यांच्या खळग्यात सिमेंट भरून वर रंग मारा.

शेवंती

आणि किटलीच्या तोटीला?

डबाबाटली

आतून एम-सीलचा (दोन भाग मळून लावायची, घट्ट होणारी लांबी) गोळा दाबून बसवा, तोटीच्या मुळाशी. बाहेरच्या तोंडाला लावलंत तर तोटीभर पाणी आत कोंडतं. एम-सील घट्ट झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, तळाला भोकं. भोकं पाडताना हादऱ्याने एनॅमलच्या किटलीचा टवका उडतो, म्हणून ड्रिल लावायच्या जागी चिकटपट्टी लावा आणि सावकाश फिरवा.