जेवताना फोन पोरीला नाही, मला लागतो

दूधवाला_कराड:
नमस्कार मंडळी. पोरांना जेवताना मोबाईल द्यावा का, यावर इथं भरपूर लिहून झालंय. आमचं उलटं आहे. पोरगी साडेतीन वर्षांची, तिला फोन लागत नाही. मला लागतो.

माझी दुधाची लाइन आहे, १४० घरं. 'उद्या अर्धा लिटर जास्त', 'चार दिवस गावाला चाललोय, रतीब बंद' हे लोकांना आठवतं रात्री साडेआठ ते साडेनऊ, म्हणजे नेमकं आमच्या जेवणाच्या टायमाला. डेअरीला आकडा दहाच्या आत द्यावा लागतो. त्यामुळं फोन ताटाच्या डाव्या अंगाला, लोणच्याशेजारी. उजवा हात आमटीत आणि डावा अंगठा स्क्रीनवर. बायको शिक्षिका आहे, तिच्या ग्रुपवर 'माहिती तातडीने पाठवा' हे पण रात्रीच येतं.

गेल्या गुरुवारी पोरगी दूध-भाकरीचा काला खाता खाता काहीतरी सांगत होती. मी आपला 'अरे वा, छान छान' करत बसलो. झोपताना बायकोनं फ्रॉकची बाही वर केली तर दंडावर दातांचे वळ, चांगले निळे. अंगणवाडीत एका पोरानं चावलं होतं. 'मग सांगितलं का नाहीस गं?' तर म्हणे, 'बाबांना सांगितलं की. बाबा छान म्हणाले.'

त्यानंतर दोन दिवस फोन आतल्या खोलीत ठेवून जेवलो. जीव सगळा तिकडंच. आणि एका घरी बारसं होतं, त्यांचा दोन लिटर वाढवायचा मेसेज बघायचा राहिला. सकाळी दारात उभं राहून ऐकून घेतलं.

तर धंदा सांभाळून हे कसं जमवता? 'फोन बंद ठेवा' एवढंच सांगणार असाल तर राहू द्या, ते बायकोनं सांगून झालंय.

आजोबा_६८:
आमचे वडील ताटावर बसले की रेडिओच्या बातम्या सुरू. बोलायची टाप नव्हती कुणाची. आमचं काय वाकडं झालं?

बडबडताई:
आजोबा, रेडिओ दर दोन मिनिटांनी तुमच्या वडिलांना हाक मारत नव्हता!

दादा, मी उशिरा बोलणाऱ्या मुलांबरोबर काम करते. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे, २ वर्षांखाली स्क्रीन नको, २ ते ५ ला दिवसाला तासाभराच्या आत. पण ही मोजदाद मुलांच्या स्क्रीनची. आईबापाच्या फोनकडं बघितलं ते बोस्टनच्या संशोधकांनी. फास्ट फूडच्या दुकानांत बसून त्यांनी मुलांना घेऊन आलेल्या ५५ मोठ्या माणसांची नोंद घेतली. ४० जणांनी जेवताना फोन काढला. मूल लक्ष वेधायला गेलं की फोनमध्ये बुडालेल्यांपैकी काहीजण त्याच्यावरच खेकसत होते. ही २०१४ सालची गोष्ट, तेव्हा व्हॉट्सअॅपचे इतके ग्रुपही नव्हते.

तुमची लेक अजून सांगतेय, हे चांगलं आहे. माझ्याकडं सांगायचंच सोडून दिलेली मुलंही येतात.

कडेगावकर:
आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मुळात पोरांच्या अभ्यासासाठी काढलेली टूम, जेवणासाठी नव्हे. पण सगळ्या गावाचाच फोन बंद म्हटल्यावर मेसेज तरी कोण करणार! तुमची १४० घरं तिकडं हलवा :)

मेडिकलवाला:
माझंही हेच होतं. व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या, त्यात वेळ ठरवून आपोआप उत्तर लावता येतं. 'उद्याचा बदल ७ पर्यंत कळवा. नंतरचा परवापासून.' आठ दिवस शिव्या बसतील, मग गिऱ्हाईक सुधारतं. आणि डेअरीच्या नंबरला वेगळी रिंग लावा, म्हणजे बाकी काही वाजलं तरी मान वळत नाही.

दूधवाला_कराड:
बारा दिवस झाले, म्हणून लिहितोय. मेडिकलवाले भाऊ, तसंच केलं. एक घर सुटलं, सात-आठ जणांनी तोंड वाकडं केलं. सवा सातला डेअरीला आकडा देतो आणि साडेसातला ताटावर. आता आई नाराज आहे, तिची मालिका साडेसातची. तिला काय सांगणार, मी स्वतःच परवा सुधारलोय.

पहिले दोन दिवस पोरगी बोलेचना. मी विचारतोय तर 'काय नाय.' तिसऱ्या दिवशी त्या चावऱ्या पोराची सगळी हकीकत आली. त्याला नवीन भाऊ झालाय म्हणे.

काल बायकोचा फोन ओट्यावर टिंग टिंग करत होता. पोरगी स्टुलावर चढली आणि त्याच्यावर परात पालथी घालून आली. जेवणं उरकल्यावर परात उचलली तर चार मिस्ड कॉल, त्यातले तीन हेडमास्तरांचे.